लालपरी घाट चढते : ओढायचं, सरकवायचं, हलवायचं वाढदिवसाचं कार्ड (शिक्के + डाय कट)

कागदकिडा
मंडळी, घरी केलेल्या इंटरॅक्टिव्ह कार्डांवर इथे वेगळा धागा नाहीये, बाकीच्या क्राफ्टच्या धाग्यांत दोन ओळी इकडे दोन तिकडे असं चाललंय, म्हणून हा काढला. इंटरॅक्टिव्ह म्हणजे नुसतं उघडा, वाचा, टीव्हीवर ठेवा असं नाही, ज्याच्या हातात पडेल त्याने काहीतरी ओढायचं, फिरवायचं, सरकवायचं.

सध्या टेबलावर आहे ते सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं. ते एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं चिपळूण-कराड गाडीवर, त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. आडवं कार्ड, खाली डावीकडे चिपळूण, वर उजवीकडे हेळवाक, मधे कुंभार्ली घाटाची नागमोडी फट आणि त्या फटीतून लाल गाडी बोटाने वर न्यायची. वरच्या कडेला घंटीची दोरी, ती ओढली की बाजूने शुभेच्छांची पट्टी बाहेर. आणि आत एक खाकी पाकीट, त्यात तिकीट.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण नवीन माणूस हमखास उलटं करतो. शिक्के मारणं, रंगवणं हे सगळ्यात मजेचं म्हणून तिथूनच सुरुवात होते आणि मग जे सुंदर झालंय त्यात फट कापायची वेळ येते. आधी यंत्रणा, मग नक्षी. रद्दीतल्या पुठ्ठ्यावर (बिस्किटाचा पुडा, शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा काहीही) गाडी विनाअडथळा वरखाली जायला लागली की मगच चांगल्या कागदाला हात लावायचा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डस्टॉक, म्हणजे जाड, ताठ कागद. ए४ मधोमध कापला की दोन ए५, एक दुमडला की ए६ कार्ड. समोरचा पॅनल वेगळा कापून फोम टेपवर (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड, मऊ टेप) उचलून बसवायचा म्हणजे मागे गाडीला धरणाऱ्या चकत्या फिरायला जागा राहते. फोम टेप २ मिमीची घ्या, १ मिमीच्या टेपवर मागची चकती तळाला घासते आणि गाडी अडखळते.

विचारा काय विचारायचंय ते, आणि तुमची पण टाका.

पेठेतला
छान. पण आता इंटरॅक्टिव्ह कार्ड म्हणजे जुनं 'ओढा आणि बघा' च ना? आमच्या लहानपणी दिवाळीच्या भेटकार्डांत पट्टी ओढली की पणती पेटायची.

कागदकिडा
तेच हो काका, नवीन काहीच नाही त्यात, फक्त डायमुळे, म्हणजे कागद कापायच्या धातूच्या साच्यांमुळे, सफाई वाढलीय. पणतीवालं असेल अजून जपून ठेवलेलं तर फोटो टाका ना, पट्टीला आतून अडकण कशी केली होती ते बघायचंय.

खोडरबर
ताई एसटीचा स्टँप कुठे मिळाला??? मी सगळीकडे बघून झालं, बसचे सगळे सेट पिवळ्या स्कूल बसचे नाहीतर लंडनच्या डबलडेकरचे.

कागदकिडा
मिळत नाहीच, तुझ्या आयडीतच उत्तर आहे :) पांढरा मोठा खोडरबर घे, मऊ प्लॅस्टिकवाला, गुलाबी शाळेचा नको त्याचा भुगा पडतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने गाडी काढ, पेन्सिलीची बाजू खोडरबरावर ठेवून नखाने घास, चित्र उमटतं आणि आपोआप उलटं उमटतं, म्हणजे शिक्का मारल्यावर सुलटं. त्यामुळे समोरची पाटी, नंबर सगळं सरळच लिहायचं, उलटं लिहायची डोकेफोड नाही. मग लिनो कटरच्या बारीक व्ही पात्याने कोरायचं. पातं स्थिर आणि वळणावर खोडरबर फिरवायचा. रेघेचा काठ आत खोदत नेऊ नकोस, बाहेरच्या बाजूला उतरता ठेव, नाहीतर बारीक रेघा दाब पडला की वाकतात.

एसटी ओळखू यायला फार तपशील लागत नाही. पुढची मोठी काच, वरची पाटी, खिडक्यांचे आडवे गज आणि मागची टपावर जायची शिडी. शिडी काढली की कुणीही म्हणतं अरे लालपरी.

घाटावरची
शिडी!! अगदी. आणि टपावर आंब्याच्या पेट्या पाहिजेत, मे महिना असेल तर.

कागदकिडा
वाढदिवस जुलैत आहे त्यामुळे पेट्या नाहीत, ताडपत्री आहे.

इंजिनिअरकाका
फटीबद्दल. आमच्या सूनबाईंनी नेटवर बघून नाण्याचा स्लायडर केला होता, दोन नाणी, मधे फोमचा तुकडा, तो फटीतून जातो, नाणी फटीपेक्षा मोठी म्हणून निसटत नाहीत. अमेरिकेत त्याला पेनी स्लायडर म्हणतात, त्यांची पेनी १९ मिमीची. आपला रुपया साधारण २०-२२ मिमी, चालतो. पण त्यात गंमत अशी की नाणं फटीच्या काठावरून चाकासारखं गडगडतं त्यामुळे वर चिकटवलेलं चित्रही गोल गोल फिरतं. फुलपाखरू, चेंडू, माकड असेल तर उत्तम. तुमची गाडी घाटात कोलांट्या खाईल. कसं टाळलंत?

कागदकिडा
काका तुम्ही बरोब्बर नस पकडलीत. एका जागी चिकटवली की फिरणारच, म्हणून गाडी दोन जागी धरलीय, पुढच्या चाकाशी एक आणि मागच्या चाकाशी एक, दोन्ही त्याच फटीत. मग ती फिरूच शकत नाही, उलट फट जशी वळेल तसं गाडीचं नाक वर-खाली होतं, चढावर चढते आहे असंच दिसतं. नाणी काढून टाकली, त्याऐवजी कार्डस्टॉकच्या १५ मिमीच्या चकत्या, दोन-दोन एकावर एक चिकटवून कडक केलेल्या. दोन आधारांमधे ३ सेमी अंतर. वळण मात्र सौम्य पाहिजे, खऱ्या घाटासारखी केसाच्या पिनेची वळणं घेतलीत तर गाडी आवळून बसते.

फट कापायचं सोपं: ऑफिसचं साधं पंचिंग मशीन ६ मिमीचं भोक पाडतं आणि दोन भोकांमधलं अंतर ८० मिमी असतं, सगळ्यांच्या फाइली एकमेकांत बसाव्या म्हणून ठरलेलं माप आहे ते. सरळ फट हवी असेल तर एकदा पंच करा, दोन भोकं पट्टी आणि कटरने जोडा, झाली फट, टोकं आपोआप गोल. नागमोडी फटीला सिंगल पंचने टोकाची भोकं पाडून मधलं कटरने. फोमचा तुकडा ४-५ मिमीचा ठेवा, बरोबर ६ चा कराल तर रुतेल. आणि फोमच्या कडेला चिकट असतं ते विसरू नका, कडेवर टाल्कम पावडरचं बोट फिरवा.

इंजिनिअरकाका
एकाच फटीत दोन आधार, छान. फटीच्या काठांना आतून मेणबत्ती घासा, फरक पडेल.

कागदकिडा
घासली लगेच. जमलं! पण शिक्के मारून झाल्यावरच घासावी लागेल, मेण लागलेल्या कागदावर शाई धरत नाही.

एसटीप्रेमी
धागा उशिरा बघितला. थोडी भर: एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली आणि ती लाल नव्हती, निळी आणि वर चंदेरी होती. तुमचे सासरे २०२५ मधे ७५ म्हणजे एसटी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी.

आणि घंटी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी एकदा ओढून शुभेच्छा बाहेर येत असतील तर कंडक्टर माणूस मनात म्हणणार गाडी का थांबवली. डबल बेल करा!

कागदकिडा
अहो काय नेमकं बोललात, हे डोक्यातच आलं नव्हतं आणि आता केल्याशिवाय चैन नाही पडणार. म्हणजे पट्टी दोन टप्प्यांत यायला पाहिजे. पहिल्या ओढीला 'टिंग', दुसऱ्या ओढीला 'टिंग' आणि शुभेच्छा. पट्टीच्या काठाला मधे एक त्रिकोणी खाच आणि आत कार्डस्टॉकची छोटी जीभ, ती खाचेत टक्कन बसते, जरा जोर लावला की सुटते आणि पट्टी पुढे जाते. जिभेला दुहेरी कागद नको, एकेरीच, लवचिक पाहिजे.

घाटावरची
एक भाबडा प्रश्न. डाय कटिंग मशीन घ्यावं का? कार्ड वर्षाला पाच-सहा होतात माझी, मशीन, डाय, प्लेटा सगळं मिळून आकडा बघितला आणि टॅब बंद केला. नवरा म्हणतो तेवढ्यात दुकानातली शंभर कार्डं येतील. (त्याला मी आजपर्यंत एकही कार्ड करून दिलेलं नाही, त्यामुळे त्याचं मत धरायचं का ते तुम्ही ठरवा.)

कागदकिडा
हाहा. नवऱ्याला आधी एक करून दे मग मशीनचा विषय काढ.

खरं सांगू का, पाच-सहा कार्डांसाठी नको घेऊस. डाय कशाला लागते ते बघ. एकसारखे गोल, कापलेल्या कडेचे आयत, ढग, बारीक जाळीची पानं, अक्षरं, हे हाताने तितकं सफाईदार येत नाही. गोलांसाठी पंच मिळतात, ते स्वस्तात काम भागवतात. आणि जी आकृती तू स्वतः काढलीस तिला डाय मिळणारच नाही, माझी गाडी शेवटी कात्रीनेच कापलीय. कात्री लहान, टोकदार, आणि कात्री जागेवर ठेवून डाव्या हाताने कागद फिरवायचा. रेघेवर नाही कापायचं, बाहेर एक पांढरी कड सोडायची, मॅचिंग डाय (शिक्क्याच्याच आकाराची) जशी सोडते तशी. ती कड दिसायलाही छान आणि हात हलला तर खपूनही जातं.

मशीन असेलच त्यांच्यासाठी: बारीक नक्षीची डाय असेल तर कागद आणि डायच्या मधे बटर पेपर ठेवा, कापलेला कागद डायमधे अडकून बसत नाही. प्लेटा (ज्यांच्या मधे डाय आणि कागद ठेवून मशीनमधून फिरवतात त्या) एकाच बाजूने वापरून कमानीसारख्या वाकतात, दर वेळी उलटत राहा. आणि जाड कागद असेल तर मशीनमधून पुन्हा एकदा फिरवा, जोर लावून दांड्याला लटकू नका.

तळकोकण
आमच्याकडे जून ते सप्टेंबर कार्डस्टॉक पापडासारखा नाय, उलट पापड सर्दीला सादळतो तसा होतो. शिक्का मारला की शाई पसरते, दोन थर चिकटवले की सकाळी कार्ड वाकडं. काय करायचं? एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईवर टाकून तापवली की वितळून उठावदार होते ती) पण जिथे नको तिथे चिकटते.

कागदकिडा
कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव, औषधाच्या बाटल्यांत, चपलांच्या खोक्यांत येतात त्या साठव. काम करायच्या आधी कागदावरून कोमट इस्त्री फिरव, वाफ बंद करून.

वाकडं होण्याचं कारण बहुतेक गोंद. फेविकॉल छान धरतो पण पाण्याचा आहे, पूर्ण पृष्ठभागावर फासला की कागद ओला होतो, फुगतो आणि वाळताना ओढतो. मोठ्या थरांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, फेविकॉल फक्त बारीक डाय कटना, टूथपिकने ठिपके देऊन. शिवाय कागदाला धाग्याची दिशा असते, दोन्ही थरांची एकच ठेव. ओळखायची कशी, तर कागद आडवा आणि उभा हलकाच वाकवून बघ, जी दुमड सहज पडते तिच्या रेघेला समांतर ती धाग्याची दिशा. दुमडही त्याच दिशेने घातली तर काठ फाटल्यासारखा दिसत नाही.

पावडर चिकटते कारण कागदात ओल आणि बोटांचं तेल. शिक्का मारायच्या आधी टाल्कमची पुरचुंडी फिरव, जास्तीची झटक, मग शिक्का, मग एम्बॉसिंग पावडर. वितळवायला हीट गनच लागते, हेअर ड्रायरने पावडर उडून जाते आणि तेवढी उष्णताही नसते. हीट गन नसेल तर उलट्या धरलेल्या गरम इस्त्रीवर कागद, नक्षी वर करून, एका क्षणात चकाकते ते दिसतं. मुलांना लांब ठेवून. मी गाडीचे दोन दिवे एवढेच एम्बॉस केलेत, चंदेरी.

खोडरबर
शाई कुठली वापरलीस? माझी काळी रेघ मार्करने रंगवताना फिसकटते.

कागदकिडा
मार्कर अल्कोहोलचे आहेत का पाण्याचे ते बघ. पाण्याच्या रंगाला वॉटरप्रूफ शाई, उदा. अल्कोहोलच्या सॉल्व्हंटची, चालते, पण तीच शाई अल्कोहोल मार्करखाली घेतलीस की विरघळते. अल्कोहोल मार्करला मेमेंटोसारखी डाय इंक (ही डाय म्हणजे विरघळलेला रंग, कागद कापायची डाय नव्हे). पिगमेंट इंक (बारीक रंगकणांची शाई) गडद दिसते पण गुळगुळीत कागदावर लवकर वाळत नाही, आणि तळकोकणवाल्यांनी तर पावसाळ्यात तिच्या नादाला लागूच नये. गाडीचा लाल एका मार्करने सपाट येतो, खिडक्यांच्या खाली गडद लाल आणि टपाजवळ जरा केशरी असं ओलं असतानाच मिसळलं.

पेठेतला
शुभेच्छा मराठीत ना? का हॅपी बर्थडे?

कागदकिडा
मराठीतच काका, वाटलंच होतं तुम्ही विचाराल. मराठी मजकुराचे क्लिअर स्टँप शोधायच्या भानगडीत पडू नका, कोर्टाच्या नाहीतर तहसील कचेरीच्या बाहेर जे शिक्के बनवून देतात ना, गोल शिक्का, नोटरीचा शिक्का वगैरे, त्यांच्याकडे पीडीएफ द्या, मूठ नको फक्त पॉलिमरचा पत्रा द्या म्हणून सांगा. ते आधी जरा बघतात आपल्याकडे, की हा कसला शिक्का. पत्रा अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून मारायचा. अक्षर जाड निवडा, बारीक फाँटमधे अनुस्वार आणि रफाराची शेपटी उमटतच नाही, आणि छोट्या आकारात 'द्ध' भरून जातो. म्हणून मी 'अमृतमहोत्सवी शुभेच्छा' घेतलं, वृद्धी-समृद्धी सगळं टाळलं.

पेठेतला
बरं केलंत. आणि कागदासाठी, आतल्या पाकिटाला वगैरे, पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० सालची, के. बी. जोशींनी उभी केलेली. खाकीच्या जवळचे मातकट रंग मिळतील. कार्डस्टॉक, कटर, टेप हे सगळं अप्पा बळवंत चौकात.

कागदकिडा
तिथलाच आहे पाकिटाचा! फक्त इतरांसाठी, हातकागदावर बारीक रेघांचा शिक्का तुटक येतो कारण पृष्ठभाग खडबडीत. पाकीट, कडा, जाड ठोकळ शिक्के याला मस्त.

सान होजे मावशी
जुलैत वाढदिवस आणि कुंभार्ली घाट आणि कार्डात पाऊस नाही?? अगं शेकर कर ना वरच्या कोपऱ्यात. ढगाच्या आकाराची खिडकी डायने काप, मागून ओएचपीची पारदर्शक शीट, फोम टेपची भिंत, आत बारीक काचेचे निळे-पांढरे मणी, मागून बंद. कार्ड हलवलं की पाऊस. भिंत ३ मिमीची असेल तर मणी २ मिमीच्या आतले घे नाहीतर अडकून बसतात. टेपचे तुकडे जोडतेस तिथे फट राहू देऊ नकोस, कोपऱ्यात एकमेकांना टेकवून, शक्यतो एकाच लांब पट्टीने वळवून घे. आणि शीटला स्थिर वीज असते, मणी चिकटून राहतात, आतून कोरड्या मऊ ब्रशने किंचित पावडर फिरव.

कागदकिडा
मावशी!! करतेच. चिपळूणच्या बाजूला मोठा ढग, हेळवाकच्या बाजूला एक छोटा, नुसता कागदाचा. पावडरचा डबा या कार्डात रंगांपेक्षा जास्त लागतोय.

एसटीप्रेमी
हेळवाकला छोटा ढग? कोयनेच्या खोऱ्यात? सासरे हसतील. दोन्हीकडे मोठा घ्या. कराडला पोचल्यावर काय तो कोरडा.

कागदकिडा
घेतला :D

घाटावरची
तिकिटाचं सांग ना. मशीनमधून निघतं तसं की जुनं?

कागदकिडा
जुनंच. ट्रेमधे रंगीत तिकिटांचे गठ्ठे, अंगठ्याने ओढून पंचने टोचायचे ते दिवस त्यांनी काढलेत. गुलाबी, पिवळ्या, पोपटी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्यात, प्रत्येकीवर शिक्का आणि भाड्याच्या जागी एकेक वर्ष, १९५०, लग्नाचं साल, नोकरी लागली ते, नातवंडांची सालं. पाकिटाच्या तोंडाला अर्धगोल काप दिलाय म्हणजे अंगठा बसतो. आणि सोबत एक सिंगल होल पंच ठेवणार, ज्या वर्षाची गोष्ट सांगतील ते तिकीट त्यांनीच टोचायचं. म्हणजे कार्डातलं खरं काम तेच करतील, आम्ही ऐकणार.

सान होजे मावशी
हे भारी आहे. मी पळवणार ही आयडिया. पोस्टाने पाठवणाऱ्यांनी जाडी बघा, इथून, अमेरिकेतून, पाठवताना पाव इंचाच्या वर गेलं की पत्राचा दर लागत नाही, आणि कडक, फुगीर पाकीट असेल तर जास्तीचे पैसे. शेकरवालं कार्ड मी सरळ छोट्या खोक्यात घालते.

इंजिनिअरकाका
भारतातही वजन बघा. ए५ कागद ३०० जीएसएमचा म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आत-बाहेर, वरचा पॅनल साडेचार-पाच, त्यात टेप, मणी, पाकीट. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जातं, हे त्यात बसणार नाही. नाणी घातली असतीत तर दोन रुपयांच्या नाण्यांचेच सहा-साडेसात ग्रॅम झाले असते.

कागदकिडा
काका 'दोन रुपयांच्या नाण्यांचे' की 'दोन, रुपयाच्या नाण्यांचे'?

इंजिनिअरकाका
एक रुपयाची दोन नाणी. तुम्ही शिक्षिका होतात का?

कागदकिडा
आहे :) हे कार्ड पोस्टात जाणार नाहीये, कराडला स्वतः नेऊन द्यायचंय. शर्टाच्या खोक्यात, वरून कशाचा दाब नको म्हणून.

खोडरबर
कोरला! शिडी जमली, गज जरा जाड आलेत. आता हा ठेवू कशात? पेन्सिल बॉक्समधे?

कागदकिडा
वा! गज जाडच बरे, रंगवताना खिडकी वेगळी उठून दिसते. पेन्सिल बॉक्समधे नको, प्लॅस्टिकला टेकून राहिला की खोडरबर काही महिन्यांत त्याला वितळल्यासारखा चिकटतो, कोरलेली बाजू खराब होते. शाई ओल्या फडक्याने पूस, वाळव, बटर पेपरमधे गुंडाळ आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात. मागे पेनने 'एसटी, उजवीकडे तोंड' असं लिहून ठेव, पुढच्या वेळी उलटीकडे जाणारी गाडी हवी झाली तर दुसरा कोरावा लागेल.